तियात्र

तियात्र : गोवा आणि मुंबई येथील कोकणी ख्रिस्ती समाजाची, गाण्यांनी भरलेली लोकप्रिय रंगभूमी. पोर्तुगीजमधला नाटकाचा शब्द कोकणी तोंडी बसून ‘तियात्र’ झाला. ते करणारा तो तियात्रिस्त. लिहिणे, दिग्दर्शन, अभिनय आणि गाणे ही सगळी कामे पुष्कळदा एकाच माणसाकडे असतात. तिकिटांचा हिशेबही त्याच्याच डोक्यात.

हा प्रकार गोमंतकीयांचा असला तरी जन्मला मुंबईत. 17 एप्रिल 1892 रोजी, ईस्टरच्या रविवारी, ‘इटालियन भुरगो’ हे पहिले तियात्र रंगले. त्यामागे लुकाझिन्यो रिबेरो यांचा पुढाकार होता. शहरात आलेल्या इटालियन ऑपेरा मंडळीच्या संगतीत त्यांना ही कल्पना सुचली होती. जुआंव आगुस्तीन फेर्नांडिस त्यांचे सहकारी. त्यांनी पुढे या प्रकाराला घडीव रूप दिले, म्हणून त्यांना तियात्राचे जनक मानतात. त्यांच्या पत्नी रेजिना 1904 मध्ये ‘भाटकार’ या तियात्रात रंगमंचावर आल्या. मराठी रंगभूमीवर तेव्हा स्त्रीभूमिका बहुधा पुरुषच करीत होते, हे लक्षात घेतले की या गोष्टीचे मोल कळते. धोबीतलाव परिसरात गावोगावच्या गोमंतकीयांचे ‘कूड’ म्हणजे सामायिक बिऱ्हाडे होती. तिथे उतरणारे खलाशी, आचारी आणि वाजंत्री हाच सुरुवातीचा प्रेक्षक, आणि नटही त्यांच्यातूनच मिळत.

तियात्राचे अंक ‘पड्दे’ म्हणून मोजतात, साधारण सहा-सात. कथानक बहुधा घरातले : वाटणी, परदेशी गेलेला मुलगा, म्हातारे आईबाप. पण खरी खासियत दोन पड्द्यांच्या मधे आहे. पडदा पडला की गायक पुढे येतो आणि ‘कांतार’ म्हणतो. या गाण्याचा नाटकाशी काही संबंध नसला तरी चालते. कुणी एकटा गातो, कुणी जोडीने, तिघे किंवा चौघे मिळून. विषय खड्ड्यांपासून पक्षांतर केलेल्या आमदारापर्यंत काहीही. नाटकातल्या प्रसंगाला धरून असलेल्या गाण्याला वेगळे नाव आहे, ‘कांत’.

नवख्या कलाकाराची भरती या मधल्या जागेतच होते. मुख्य भूमिका पेलायला वर्षे लागतात, कांताराला तीन-चार कडवी आणि धीटपणा पुरतो. अंगापेक्षा मोठा कोट घातलेला दहा-बारा वर्षांचा मुलगा माइकसमोर उभा राहतो. मागे पडद्याआड खुर्च्या सरकवल्याचे आवाज येत असतात, खाली ट्रम्पेट, सॅक्सोफोन आणि ड्रम सज्ज असतात. शेवटच्या ओळीतला टोला नीट बसला तर शिट्ट्या पडतात. नाही बसला तर सभागृह तेही लपवत नाही. जुन्या तियात्रिस्तांची नावे पाहिली तरी ही परंपरा दिसते : किड बॉक्सर, यंग मिनेझिस, मास्टर वाझ. लहान वयात मिळालेले ‘किड’ किंवा ‘यंग’ पुढे केस पिकल्यावरही चिकटून राहते. बँडमधल्या वादकांचा पाया मात्र दुसरीकडचा : चर्चच्या शाळांनी शतकानुशतके गावातल्या मुलांना सुरावट वाचायला शिकवली, व्हायोलिन हातात दिले.

पैसा मुख्यतः तिकिटातून येतो. गावच्या फेस्ताला म्हणजे चर्चच्या उत्सवाला किंवा शहरातल्या सभागृहात कंत्राटदार प्रयोग विकत घेतो आणि नफा-तोटा अंगावर घेतो. कलाकारांना प्रयोगागणिक मानधन असते, त्यामुळे बरेच जण नोकरी सांभाळून तियात्र करतात. लोकप्रिय मंडळींचे त्यावरच घर चालते. मडगाव आणि म्हापसा ही आजची मोठी केंद्रे. सरकारी अनुदानापेक्षा गल्ल्यावर जगण्याची ही सवय तियात्राला जपत आली आहे. त्याच सवयीमुळे विनोद कधी कधी स्वस्त होतो, हेही खरे.

भाषेची बाजू गुंतागुंतीची आहे. 2011 च्या जनगणनेत देशभरात कोकणी मातृभाषा सांगणारे सुमारे 22.5 लाख होते. मुंबईत ती तर मराठी, हिंदी, गुजराती यांच्या गर्दीतली छोटी भाषा. 16 जानेवारी 1967 च्या जनमत कौलाआधी तियात्रिस्तांनी गोव्याच्या महाराष्ट्रातील विलीनीकरणाविरुद्ध गाणी म्हटली. मराठी वाचकाला ते टोचेल, पण भाषेची भीती त्या गाण्यांत होती. 1987 च्या राजभाषा कायद्याने कोकणीला मान दिला, तो मात्र देवनागरीतल्या कोकणीला. तियात्राच्या संहिता रोमी म्हणजे रोमन लिपीत. रोमी समर्थकांची नाराजी अजून विझलेली नाही. इंग्रजी शाळेत शिकणाऱ्या मुलाला सलग दोन तास ठसठशीत कोकणी ऐकायला आणि पाठ करायला मिळते ती तालमीतच. तिथे त्याला ना व्याकरण शिकवतात ना लिपीचा वाद.

2009 मध्ये गोवा सरकारने तियात्र अकादमी स्थापन केली. विधानसभेचे माजी सभापती आणि स्वतः तियात्रिस्त असलेले तोमाझिन्यो कार्दोझ तिचे पहिले अध्यक्ष. शालेय मुलांच्या कांतार-स्पर्धा, लेखन-गायनाच्या कार्यशाळा, जुन्या संहितांचे प्रकाशन ही तिची कामे. 17 एप्रिल हा तियात्र दिन म्हणून पाळला जातो. गोव्याच्या कला अकादमीची तियात्र स्पर्धा 2009 च्याही आधीपासूनची, आणि आजच्या अनेक व्यावसायिक नटांची पहिली ओळख तिथेच झाली.

फेस्ताला तियात्र आणि देवळाच्या जत्रेला मराठी नाटक, अशी गोव्यातल्या गावांची जुनी वाटणी आहे. प्रेक्षक एकमेकांकडे फारसे फिरकत नाहीत.

गोमंतकीय जिथे नोकरीला गेले तिथे तियात्रही गेले : आखाती देश, लंडन, इंग्लंडमधलेच स्विंडन. कुवेतमध्ये प्रयोग शुक्रवारी लागतो, कारण सुट्टी त्या दिवशी. नामवंत नट गोव्याहून विमानाने येतात. उरलेल्या भूमिका तिथल्याच कारकुनांना, परिचारिकांना आणि त्यांच्या मुलांना मिळतात.