अंजिराचे गुटी कलम : तोडणीनंतरची निगा

अंजिराच्या (फायकस कॅरिका, कुल मोरेसी) फांदीला झाडावरच मुळे फोडून केलेले कलम मातृवृक्षापासून तोडल्यावर नव्या जागी स्थिरावेपर्यंत त्याची जी काळजी घ्यावी लागते, तिचा विचार येथे केला आहे. अशा कलमाला गुटी म्हणतात; फांदीच्या सालीचे वलय काढून त्या जागी ओले शेवाळ पारदर्शक वेष्टनात बांधतात. बांधण्याची ही कृती परिचित असल्याने तिचा अधिक तपशील दिलेला नाही. पुरंदर किंवा दौलताबाद भागातील व्यापारी लागवड बहुधा छाट कलमांवर (फांदीचे तुकडे मातीत रोवून केलेल्या रोपांवर) चालते. नागपुरात अंजीर मुख्यतः परसात आणि गच्चीवरच्या कुंड्यांत दिसते. तेथील रोपवाटिकांचे कसब संत्र्याचे डोळे भरण्यात (खुंटावर कळी बसवून कलम करण्यात) मुरलेले असल्याने अंजिराची गुटी हा हौशी बागकऱ्यांचाच प्रांत राहिला आहे.

गुटीच्या उगमाविषयी एकमत नाही. ही पद्धत मूळची चिनी असल्याचे मत प्रचलित आहे. तथापि इ. स. पू. दुसऱ्या शतकातील रोमन लेखक काटो याने आपल्या शेतीविषयक ग्रंथात दिलेले वर्णन इतके नेमके आहे, की एकच उगम मानण्यापेक्षा ही युक्ती निरनिराळ्या ठिकाणी स्वतंत्रपणे सुचली असावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते. बुडाला भोक पाडलेले भांडे किंवा टोपली घ्यावी, तीतून फांदी ओवावी, माती दाबून भरावी, दोन वर्षांनी टोपलीखाली फांदी कापावी आणि टोपलीसकट लावावी, असे तो सांगतो. यातील ‘टोपलीसकट’ ही सूचना प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची होय. मुळांचा गोळा हलू द्यायचा नाही, हे तत्त्व तीत आलेच आहे.

भारतीय बाजूने वराहमिहिराच्या बृहत्संहितेतील (सुमारे सहावे शतक) वृक्षायुर्वेदाध्यायाचा दाखला दिला जातो. फणस, जांभूळ, डाळिंब, द्राक्ष इ. ‘कांडारोप्य’ (फांदीपासून लावायची) झाडे शेण फासून लावावीत, असे तेथे म्हटले आहे. काही जण यात गुटी पाहतात. परंतु फांदीला झाडावरच मुळे आणण्याचा उल्लेख तेथे नसल्याने तो छाट कलमाचा किंवा दुसऱ्या झाडावर फांदी जोडण्याचा प्रकार मानणे सयुक्तिक ठरते. त्या यादीत अंजीरही नाही. मात्र त्याच अध्यायात स्थलांतराविषयी जे आले आहे ते लक्षणीय आहे : तूप, वाळा, तीळ, मध, वावडिंग, दूध व शेण यांचा लेप मुळापासून खोडापर्यंत देऊन झाड हलवावे, लावल्यावर उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ, थंडीत एक दिवसाआड आणि पावसाळ्यात माती सुकेल तेव्हाच पाणी घालावे. लेपाची उपयुक्तता वादग्रस्त म्हणता येईल, पण पाण्याचे वेळापत्रक आजही फारसे बदलावे लागत नाही. (लेपातला वाळा नागपूरकरांना कुलरच्या ताट्यांमुळे चांगलाच ओळखीचा आहे.)

तोडलेली गुटी का मरते? फांदी झाडावर असताना साल गोल काढलेली असली तरी आतल्या काष्ठातून तिला पाणी मिळतच असते. कात्री चालताच तो पुरवठा बंद होतो आणि पानांची सारी मागणी मूठभर शेवाळातल्या कोवळ्या मुळांवर येऊन पडते. अंजिराचे पान मोठे असून त्यातून पाणी भराभर उडते. गुटीची मुळे मात्र ठिसूळ असतात. गोळा जरा पिळला तरी त्यांची पाणी शोषणारी टोके तुटतात. म्हणून वरून दिसणारी कोमेज पुष्कळदा माती ओली असतानाही येते. अशा वेळी आणखी पाणी ओतले, तर मुळांची हवा कोंडून ती कुजतात. घरच्या बहुतेक गुट्या तहानेपेक्षा या ओतण्यानेच जातात, असे म्हणण्यास जागा आहे.

यावरचे उपाय या कारणांतूनच निघतात. पारदर्शक वेष्टनातून पांढरी मुळे दिसू लागताच तोडण्याची घाई करू नये. ती तपकिरी होऊन त्यांना उपमुळे फुटू द्यावीत. उबदार व दमट हवेत याला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात. तोड एका दमात न करता आधी गोळ्याखाली निम्म्या जाडीपर्यंत काप घ्यावा आणि आठ-दहा दिवसांनी फांदी वेगळी करावी. प्लॅस्टिक पूर्ण काढावे, शेवाळ मात्र झटकू नये. गोळा कोरडा वाटल्यास पाण्यात भिजवून मगच लावावा, कारण सुकलेले शेवाळ भोवतालच्या ओल्या मातीतून पाणी सहजासहजी ओढत नाही. कुंडी गोळ्यापेक्षा थोडीच मोठी असावी; भरणीसाठी कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), जाड वाळू आणि थोडे चाळलेले कुजके शेणखत पुरते. फांदी काठीला बांधावी, नाहीतर वाऱ्याने हलून नवी मुळे तुटत राहतात. धरलेली फळे काढून टाकावीत. नवी पालवी फुटून स्थिर होईपर्यंत रासायनिक खत देऊ नये.

पाने किती ठेवावीत, यावर दोन पक्ष आहेत. सर्व पाने काढल्यास पाण्याचा खर्च थांबतो, असे एक म्हणतो. मुळांच्या वाढीला लागणारी शर्करा व ऑक्सिने (वाढीची संप्रेरके) पानांतूनच येतात, असे दुसऱ्याचे म्हणणे. गुटी दमट आच्छादनाखाली ठेवणे शक्य असेल, तर दोन-तीन पाने अर्धी कापून ठेवणे बरे. उघड्यावर ठेवायची असेल, तर पहिला पक्ष सुरक्षित. आच्छादन म्हणून कुंडीवर पारदर्शक पिशवी पुरते, परंतु ती शेडनेटखाली किंवा दाट सावलीत हवी. उन्हात पिशवीच्या आत रोप शिजते. नवी पालवी आल्यावर पिशवी रोज थोडी अधिक उघडत न्यावी. या काळात जुनी पाने गळली, तरी गुटी मेली असे धरू नये. नखाने साल किंचित खरवडून आत हिरवे दिसले व चीक आला, तर थांबावे.

नागपुरात हंगामाची निवड या साऱ्यापेक्षा वरचढ ठरते. फेब्रुवारीत बांधलेली गुटी मार्चअखेर तोडली, तर तिच्यासमोर थेट 42 अंशांपलीकडे जाणारा उन्हाळा आणि मेअखेरचा नवतपा (कडक उन्हाचे नऊ दिवस) उभा असतो. गच्चीवर काळ्या पिशवीतली माती हवेपेक्षाही तापते, त्यामुळे सावली पानांइतकीच कुंडीलाही लागते. मृगाच्या सरींनंतर बांधून ऑगस्टमध्ये तोडणे श्रेयस्कर. हवेतली आर्द्रता तेव्हा आपोआप मिळते. तांबेरा रोगावर मात्र लक्ष ठेवावे लागते. ऑक्टोबरच्या उन्हाआधी गुटीला पिशवीबाहेर राहण्याची सवय झालेली असावी.

जमिनीत लावण्यासाठी पुढचा जून योग्य. नागपूर परिसरातील काळी, चिकण जमीन पावसात पाणी धरून ठेवते व उन्हाळ्यात भेगाळते. पहिल्याने मुळे कुजतात, दुसऱ्याने तुटतात. त्यामुळे खड्ड्यात नुसती वाळू भरून भागत नाही. चिकण मातीतल्या अशा खड्ड्यात पाणी साचते. उंचवटा करून, मातीत मुरूम व कुजलेले शेणखत मिसळून लागवड करावी आणि पहिला उन्हाळा बुंध्याभोवती पालापाचोळ्याचे जाड आच्छादन ठेवावे.