चेक चित्रकलेतील पुराणकथा आणि मृत्यू (एकोणिसावे शतक)

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बोहेमियातील (आजच्या चेक प्रजासत्ताकाचा पश्चिम भाग) चित्रकारांनी ग्रीक देवता, लोककथांतील भुतेखेते, प्रेते आणि बुडून मेलेल्या स्त्रिया हे विषय पुन्हा पुन्हा रंगवले. बोहेमिया तेव्हा ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग घराण्याच्या राजसत्तेखाली होता. चेक भाषेला मान मिळवून देणाऱ्या चळवळीला पूर्वजांच्या वीरकथा हव्या होत्या. प्रागच्या राष्ट्रीय नाट्यगृहासाठी मिकोलाश आलेशने आखलेली ‘व्लास्त’ (मातृभूमी) ही १४ चित्रांची मालिका त्याच उमेदीतून आली.

पण चेक लोककथांत वीरांइतकीच भीतीही आहे. कारेल यारोमीर एर्बेन या कवीने १८५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कथाकाव्यांत वोद्निक हा पाण्यातला पिशाच येतो. बुडालेल्यांचे आत्मे तो तळाशी झाकून ठेवतो. धुणे धुवायला तळ्यावर गेलेली मुलगी त्याच्या तावडीत सापडते, त्याच्या मुलाची आई होते, एका दिवसासाठी माहेरी येते. आई तिला परत जाऊ देत नाही आणि उंबऱ्यावर तान्ह्याचे शिर वेगळे आणि धड वेगळे येऊन पडते. या वोद्निकला हानुश श्वाइगरने (१८५४–१९१२) चित्रात आणले.

माक्सिमिलियन पिर्नरकडे (१८५३–१९२४) भय अधिक अंतर्मुख होते. ‘झोपेत चालणारी’ (१८७८), ‘फिनिस’ म्हणजे शेवट (१८८७), ‘मेडुसा’ म्हणजे नजरेने माणसाचा दगड करणारी ग्रीक राक्षसी (१८९१) आणि ‘हेकाटी’ म्हणजे जादूटोण्याची ग्रीक देवता (१९०१) ही नावेच त्याची ओढ सांगतात. पेस्टल खडूंचा मऊपणा त्याने अशा विषयांसाठी कसबाने वापरला.

प्रागमध्ये जन्मलेला, पण म्युनिकमध्ये स्थायिक झालेला गाब्रिएल फॉन माक्स (१८४०–१९१५) खरे तर जर्मन चित्रकलेतही मोजला जातो. त्याला डार्विनच्या सिद्धांताचे आणि परलोकविद्येचे सारखेच वेड होते. माकडे पाळणे आणि कवट्या जमवणे हे त्याचे नित्याचे उद्योग. ‘शरीरशास्त्रज्ञ’ (१८६९) या चित्रात एक प्रौढ पुरुष टेबलावरच्या तरुण स्त्रीच्या प्रेतावरची चादर हलकेच बाजूला करतो आहे. मागे कवट्या आणि कागद, चादरीवर एक पतंग (कीटक). अभ्यासू नजर आणि हळहळ यांतले नेमके काय त्या माणसाच्या मनात आहे, हे माक्सने उघडे ठेवले, आणि चित्राचे सामर्थ्य त्यातच आहे.

या परंपरेतले सर्वांत हादरवणारे चित्र मात्र कुठल्याच दैवताचे नाही. याकुब शिकानेडरचे (१८५५–१९२४) ‘घरातला खून’ (१८९०) सुमारे दोन मीटर उंच आणि तीन मीटरांहून अधिक रुंद आहे. ऐतिहासिक प्रसंगांना देतात तेवढा आकार त्याने एका गरीब घराच्या आतल्या चौकाला दिला. फरसबंदीवर तरुणी मरून पडली आहे, जमिनीवर रक्त आहे, शेजारीपाजारी घोळक्याने थबकले आहेत. खुनी दिसत नाही, कारणही कळत नाही. भिंतींचा ओलसर करडेपणा एवढा खरा आहे की पाहणारा आपोआप त्या घोळक्यात जाऊन उभा राहतो. जुन्या प्रागचे असे कोंदट चौक पुढे फार टिकले नाहीत. १८९३ च्या कायद्यानंतर योसेफोव्ह या ज्यू वस्तीची पाडापाडी सुरू झाली.

शिकानेडर नंतर धुक्यातले रस्ते आणि संध्याकाळची नदी रंगवू लागला. ‘घरातला खून’ प्रागच्या राष्ट्रीय कलासंग्रहात, तर माक्सचा ‘शरीरशास्त्रज्ञ’ म्युनिकच्या नॉय पिनाकोटेक या संग्रहालयाच्या संग्रहात आहे.