बारबंदी म्हणजे शिकारबंदी नव्हे

डिसेंबर लागला की न्यूयॉर्कजवळच्या आमच्या लाँग आयलंडच्या मराठी मंडळींत एक फोन ठरलेला. वेळ पहाटे पावणेसात. "अहो, मागच्या पाण्यात कुणीतरी बंदुका उडवतंय! वस्तीत शिकारीला बंदी असते ना?" पलीकडचा जाणकार ठामपणे सांगतो, "असतेच. नाइन-वन-वन लावा." पोलीस येतात, बदकांच्या शिकारीला आलेल्या होडीतल्या दोघांशी चार शब्द बोलतात आणि हात हलवून निघून जातात. संध्याकाळी चहाला "इथले पोलीसही मिळालेले असतात" इथपर्यंत मजल गेलेली असते. कैक हिवाळे हे ऐकतोय. पोलीस कुणाला मिळालेले नसतात. शिकारीला बंदी आणि बार उडवायला बंदी या दोन निराळ्या गोष्टी आपण एकाच गाठोड्यात बांधल्यात, घोळ तिथे आहे.

(बारबंदी म्हटलं की महाराष्ट्रात भलतंच आठवतं, कल्पना आहे. इथे बार म्हणजे बंदुकीचा.)

शिकारबंदी आपल्याला पाठ आहे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, तेव्हा परवाना काढून थोडीफार शिकार करता येत होती. १९९१ च्या दुरुस्तीने तीही वाट बंद केली. ठाण्याच्या खाडीत काय किंवा नांदूर मध्यमेश्वरला काय, थापट्या बदक मारलं की गुन्हा. बंदुकीने मारा, फासात धरा नाहीतर विष घाला. कायदा विचारतो, 'मारलं का?'

बारबंदी विचारते, 'उडवलं कुठे?' तिला बदकाशी देणंघेणं नाही. रिकाम्या डब्यावर नेम धरलात तरी तुम्ही गुन्हेगार. आणि बार निघालाच नाही तर ती गप्प बसते. लाँग आयलंडच्याच सफोक काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, १ ऑक्टोबर ते ३१ जानेवारी हरणांची धनुष्यबाणाने शिकार चालते. निव्वळ बंदुकीवरची बंदी त्या बाणाला अडवत नाही. उलट न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळावर विमानांच्या वाटेत येणारे कुरव पक्षी १९९१ पासून सरकारी माणसं बंदुकीने टिपत आली आहेत. तिथे बार आहे, पण त्याला शिकार कुणी म्हणत नाही.

हे नियम करतं कोण, हेही दोन ओळींत सांगून टाकतो. बदकं स्थलांतरी, म्हणून १९१८ च्या स्थलांतरी पक्षी कायद्याखाली शिकारीच्या तारखांची आणि दिवसाकाठी किती पक्षी याची चौकट केंद्र आखतं. त्या चौकटीत राज्य आपला हंगाम ठरवतं. गावाच्या हाती शिकार नाहीच. बार उडवण्यावर मात्र काही ठिकाणी गाव बंदी घालू शकतं. न्यूयॉर्क शहराच्या पाच बरोंमध्ये, म्हणजे विभागांमध्ये, शिकार बंद आहे. पण त्यांतल्या क्वीन्सची हद्द संपून शेजारची नॅसो काउंटी लागली की त्याच खाऱ्या पाण्यात माणूस राजरोस होडीत बसलेला दिसतो. सूर्योदयाआधी अर्ध्या तासापासून सूर्यास्तापर्यंत त्याला मुभा असते. म्हणून तो पावणेसातचा फोन.

घरामागचं पाणी आपलं असतं, हाही एक गोड गैरसमज. एजंट 'वॉटरफ्रंट' म्हणतो आणि आपल्याला तळ्याचा सातबारा मिळाल्यासारखं वाटतं. होडी चालेल अशा पाण्यावर या देशात सहसा जनतेचा हक्क असतो. विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाने १९१४ साली डायना शूटिंग क्लबच्या खटल्यात त्याही पुढे जाऊन सांगितलं, की अशा पाण्यात होडीतून शिकार करणं हा नौकानयनाच्या हक्काचाच भाग आहे, काठाची जमीन कुणाची का असेना. राज्याराज्यांत तपशील बदलतात. ज्याने त्याने आपल्या राज्याचं बघावं.

आता खरा खड्डा, ज्यात शिकलीसवरलेली माणसं पडतात.

न्यूयॉर्क राज्यात राहतं घर, शाळा, चर्च, कारखाना यांपासून ५०० फुटांच्या आत मालकाच्या संमतीवाचून बंदूक उडवायला मनाई आहे. ५०० फूट म्हणजे सुमारे १५२ मीटर. हा आकडा सगळ्यांना तोंडपाठ. मग आपण मनातल्या मनात कंपासपेटी उघडतो, परकाराचं टोक घरावर रोवतो आणि गर्रकन वर्तुळ काढतो. वर्तुळात होडी आली रे आली की फोन उचलतो.

जमिनीवर हे वर्तुळ बरोबर आहे. पाण्यावर त्याच कलमाला एक अपवाद जोडलेला आहे आणि तो वाचलेला मराठी माणूस मला अजून भेटायचाय. स्थलांतरी पक्ष्यांची शिकार करताना पाण्यावरून शॉटगन उडवली, तर अंतर मोजायचं ते गोळीबाराच्या रोखात. त्या रेषेत ५०० फुटांच्या आत घर, सार्वजनिक इमारत, गुरंढोरं किंवा माणूस नसेल, तर हे कलम आड येत नाही. थोडक्यात, परकार ठेवून द्यायचा आणि पट्टी घ्यायची. त्या पट्टीचा शून्य तुमच्या घरावर नाही, बंदुकीच्या नळीच्या तोंडाशी आहे.

तीन होड्या डोळ्यांसमोर आणा. पहिली तुमच्या धक्क्यापासून दोनशे फुटांवर, शिकाऱ्यांची पाठ तुमच्याकडे, रोख उघड्या उपसागराकडे. तावदानं थरथरतात, कुत्रं पलंगाखाली जातं. या कलमाने तिला हात लावता येत नाही. दुसरी साडेचारशे फुटांवर, आवाज कमी, पण रोख तुमच्या गॅलरीकडे. ही बेकायदा. तिसरी सहाशे फुटांवर, रोख सरळ तुमच्याकडेच, आणि या कलमापुरती तीही सुटते. तिसरीपाशी लोक माझ्याशी भांडायला उठतात. म्हणतात, जवळची सुटते, मधली अडकते, लांबची पुन्हा सुटते, हा काय न्याय झाला? आपण अंतर मोजतोय कानांनी, कायदा मोजतोय छर्ऱ्याच्या वाटेने. कानाला पहिली होडी सगळ्यात भयंकर वाटते. छर्ऱ्याच्या हिशेबात ती सगळ्यात निरुपद्रवी.

छर्ऱ्यांचंही सांगितलं पाहिजे, कारण 'गोळी मैलभर जाते' हे वाक्य प्रत्येक वेळी निघतं. जाते, रायफलची. बदकांवर रायफल चालतच नाही. इथे सहसा बारा बोअरची बंदूक असते, तिच्यात एका वेळी तीनच काडतुसं मावतील अशी खुंटी ठोकलेली असते, आणि १९९१ पासून देशभर पाणपक्ष्यांसाठी शिशाच्या छर्ऱ्यांना बंदी आहे, म्हणून बहुधा पोलादी छर्रे. पोलाद शिशापेक्षा हलकं, लवकर दमतं. तीनशे यार्डांच्या आत ते खाली येतात. सहाशे फूट म्हणजे दोनशे यार्ड. तिथपर्यंत पोचलेले छर्रे छपरावर वाळू भिरकावल्यासारखे पडतात. डोळ्यात गेला तर वाईटच, त्यामुळे तिसऱ्या होडीबद्दल मी गप्प बसा म्हणत नाहीये. पण दुसऱ्या आणि तिसऱ्या होडीतला फरक या दमण्यात आहे.

हा धडा मी फुकट शिकलेलो नाही. दुसऱ्याच हिवाळ्यात मीही फोन लावला होता. आलेल्या शिपायाने एकच प्रश्न विचारला, "त्यांची तोंडं कुठे होती?" मी म्हणालो, घरापासून दोनशे फूट. त्याने प्रश्न पुन्हा विचारला. मी पुन्हा दोनशे फूट. तिसऱ्यांदा विचारल्यावर कबूल करावं लागलं, की मी पडदे ओढून आत बसलो होतो, तोंडं पाहिलीच नव्हती. बायको अजून पाहुण्यांना सांगते.

मग वस्तीजवळच्या पाण्यात हे चालू द्यावं का? माझं मत अर्धं-अर्धं नाही, जागेवर अवलंबून आहे. उघड्या उपसागरात, ग्रेट साऊथ बेसारख्या मैलोगणती पाण्यात, खुशाल चालू दे. त्या माणसांनी परवाना काढलेला असतो, पाणपक्ष्यांच्या शिकारीला लागणारा केंद्राचा २५ डॉलरचा बदक-स्टँप घेतलेला असतो आणि १९३४ पासून त्या स्टँपांच्या पैशांतून पाणथळ जागा विकत घेऊन राखल्या गेल्यात. घरं दोन्ही काठांना आहेत अशा अरुंद कालव्यात मात्र मला एकही बार नको. रोखाची रेषा कागदावर स्थिर असते. बदक वळलं की नळी वळते, नळीबरोबर रेषा वळते, आणि एका सेकंदात उपसागराकडचा रोख शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरात आलेला असतो. विस्कॉन्सिनचे सेनेटर पॉल हस्टिंग १९१७ साली बदकांच्याच शिकारीत सख्ख्या भावाच्या बंदुकीचा बार चुकून लागून गेले. सराईत माणसांच्या हातूनही असं घडतं.

पण हे मागायचं कसं, तिथे आपली माणसं माती खातात. टाउन हॉलच्या सभेत उठतात आणि मुक्या पाखरांवर बोलायला लागतात. गावाचं मंडळ शांतपणे ऐकून घेतं, कारण शिकार त्याच्या हातातच नाही. तुम्हाला जीवहत्या नको असेल तर तो झगडा राज्याशी आणि केंद्राशी, जरूर करा. गावाकडे जायचं तर बदकाचं नाव काढू नका. कालव्याचा नकाशा न्या, रुंदी फुटांत सांगा, दोन्ही काठांची घरं मोजून दाखवा आणि तेवढ्या पट्ट्यात बारबंदी मागा. दोन्ही दरडींवर हात ठेवलात की शिकाऱ्यांचा वकील हसतहसत म्हणतो, यांना सुरक्षा नकोय, यांना शिकारच नकोय.

शिकारी काही कमी नाहीत. "लायसन्स आहे माझ्याकडे" म्हणत बारबंदीच्या पाण्यात शिरणारे महाभाग मी पाहिलेत. लायसन्स शिकारीचं, बार कुठेही उडवायचं नव्हे. त्यांच्या डोक्यात हाच घोळ, फक्त उलटा.

आणि कृपा करून धक्क्यावर उभं राहून थाळ्या वाजवू नका. कायदेशीर शिकारीत मुद्दाम अडथळा आणणं पन्नासही राज्यांत गुन्हा आहे. बदकं उडून जातील, पोलीस तुमच्या दारात येतील. पडदा बाजूला सारा. होडीचा नोंदणी क्रमांक दिसला तर टिपा, वेळ लिहा, आणि बार निघाला त्या क्षणी नळी कुठे होती ते लिहा. घराकडे असेल तर तेच वाक्य फोनवर आधी बोला, दोनशे फूट नंतर.