विस्तार कार्ड : आदेशांद्वारे संसाधन तपासणी

जुन्या संगणकात बसवलेल्या कार्डाने कोणती इंटरप्ट लाइन (आयआरक्यू, म्हणजे प्रोसेसरचे लक्ष वेधणारी तार), कोणते आय/ओ पोर्ट (प्रोसेसर कार्डाशी बोलतो ते पत्ते) आणि कोणता डीएमए चॅनल (प्रोसेसरला वगळून मेमरीशी थेट देवाणघेवाणीचा मार्ग) घेतला आहे, हे आदेश टंकून पाहण्याची पद्धत. वागळे इस्टेट किंवा ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एखाद्या कारखान्यात मोजमापाचे आयएसए (जुन्या पीसीतील विस्तार स्लॉटचा प्रकार) कार्ड अजून चालू असेल, तर तिथे ती आजही लागते.

१९८१ च्या आयबीएम पीसीत आठ इंटरप्ट लाइनी होत्या. १९८४ च्या पीसी एटीत दुसरा ८२५९ नियंत्रक (इंटरप्ट लाइनी सांभाळणारी चिप) आला आणि लाइनी सोळा झाल्या. तो दोन क्रमांकाच्या लाइनीवर जोडलेला असल्याने वापरायला पंधराच उरतात, आणि २ वर लावलेले जुने कार्ड ९ वर दिसते. आयआरक्यू ५ बाबत संदर्भसारण्यांत मतभेद आहे : काहींत तो हार्ड डिस्क नियंत्रकाचा, काहींत दुसऱ्या प्रिंटर पोर्टचा. पहिली नोंद एक्सटीची (एटीच्या आधीचे आयबीएम मॉडेल) आणि दुसरी एटीची, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. प्रत्यक्षात तो बहुधा साउंड कार्डाकडे असतो. साउंड ब्लास्टर १६ मूळ मांडणीत ५ वर येते. आधीची मॉडेले बहुधा ७ वर. त्यामुळे सारणीपेक्षा कार्डावरचे जंपर (मांडणी ठरवणाऱ्या, पिनांवर बसवायच्या छोट्या टोप्या) प्रमाण धरावेत.

एमएस-डॉस ६ (१९९३) सोबत एमएसडी (यंत्रातील हार्डवेअरची माहिती दाखवणारा प्रोग्राम) मिळते. /पी आणि फाइलचे नाव दिल्यास पूर्ण अहवाल फाइलीत उतरतो. सुरुवातीच्या हार्डवेअर शोधातच यंत्र अडकले, तर /आय द्यावे. लिनक्सवर प्रॉक निर्देशिकेतील इंटरप्ट्स, आयओपोर्ट्स आणि डीएमए या फाइली कॅट आदेशाने वाचाव्यात. नव्या कर्नेलवर (लिनक्सच्या गाभ्यावर) रूट, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्ता, नसल्यास पोर्टचे सगळे पत्ते शून्य दिसतात. मुख्य मर्यादा अशी की या फाइलींत ड्रायव्हरने मागितलेलेच दिसते. ड्रायव्हर नसलेले कार्ड लाइन अडवून बसले तरी यादीत येत नाही. एलएसपीसीआय हा आदेश फक्त पीसीआय (आयएसएनंतरचा स्लॉट) कार्डांपुरता. प्लग अँड प्ले (जंपरविना मांडणी होणाऱ्या) आयएसए कार्डांसाठी पीएनपीडंप हा आदेश.

एनई२००० जातीचे नेटवर्क कार्ड हेक्स (सोळाच्या पायातील) ३०० पासून ३२ पोर्ट घेते. तेच ३६० वर लावले, तर पट्टा ३७एफपर्यंत जातो आणि ३७८ चा प्रिंटर पोर्ट त्यात सापडतो. आयआरक्यू ३ वर ठेवल्यास कार्ड सापडते, पण दुसरा सिरियल पोर्ट उघडताच संपर्क तुटू शकतो. डॉसच्या डीबग प्रोग्राममध्ये आय आणि पोर्टचा पत्ता दिला की बाइट वाचता येतो. रिकाम्या पोर्टवर सहसा एफएफ येते. मात्र वाचणे निरुपद्रवी नसते : ३१एफ वाचताच एनई२००० रीसेट होते. लिनक्सला असा पट्टा चाचपू द्यायचा नसेल, तर बूटच्या वेळी रिझर्व्ह=०एक्स३००,३२ द्यावे.

जंपर बरोबर असूनही पट्टाभर एफएफ आले, तर दोष बहुधा संपर्कात असतो. खाडीकाठच्या दमट हवेत कार्डाच्या कडेच्या पट्ट्या काळवंडतात. वीज बंद करून, वायर काढून, त्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसाव्यात आणि कार्ड स्लॉटमध्ये पूर्ण दाबून स्क्रू आवळावा.