सीओपीडी (दीर्घकालीन श्वसनमार्ग-अवरोध)

श्वासनलिका कायमच्या अरुंद होऊन श्वास बाहेर सोडणे वर्षागणिक अवघड होत जाणारा फुप्फुसांचा जुनाट विकार. श्वासनलिकांना सूज येऊन कफ साचतो, वायुकोशांच्या (फुप्फुसांतल्या हवेच्या बारीक पिशव्यांच्या) भिंती झिजून ते सैल पडतात. कोणात पहिला प्रकार जास्त, कोणात दुसरा. आत गेलेली हवा पुरती बाहेर पडत नाही, त्यामुळे पुढच्या श्वासाला छातीत जागाच उरत नाही. धाप लागते ती यामुळे.

आपल्याकडे हा आजार बहुधा ‘दमा’ म्हणूनच खपून जातो. दमा बऱ्याचदा लहानपणी सुरू होतो, उसळतो आणि ओसरतो. मधल्या काळात श्वास जवळजवळ पूर्ववत असतो. सीओपीडी साधारणपणे चाळिशीनंतर जाणवू लागतो आणि त्यात गमावलेली क्षमता पूर्ण परत येत नाही.

विडी-सिगारेट हे ठळक कारण, पण एकमेव नव्हे. पुण्याचे संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स या श्वसनरोगतज्ज्ञांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दाखवून दिले, की जगात तंबाखू ओढणारे सुमारे १०१ कोटी, तर लाकूड, गोवऱ्या, काटक्यांच्या धुरात वावरणारे सुमारे ३०० कोटी. पऱ्हाट्या-तुराट्यांवर भाकरी थापत आणि फुंकणीने जाळ फुलवत जिने तीस वर्षे काढली, तिला दवाखान्यात ‘विडी ओढता का?’ एवढेच विचारले जाते. ‘नाही’ म्हटले की चौकशी तिथेच संपते! गॅस आलेल्या अनेक घरांतही आंघोळीचे पाणी अजून चुलीवरच तापते. दगडखाणीची धूळ, बरा झालेला क्षयरोग, बालपणीचा न्यूमोनिया हीही कारणे आहेत.

निदान स्पायरोमेट्रीने, म्हणजे यंत्रात जोराने फुंकून हवा मोजण्याच्या तपासणीने, होते. श्वासनलिका रुंदावणारे औषध दिल्यावरही, जोराने सोडलेल्या एकूण हवेपैकी पहिल्या सेकंदात ७० टक्क्यांपेक्षा कमी बाहेर पडली, तर अवरोध आहे. सुरुवातीला एक्स-रे साफ दिसू शकतो, म्हणून त्यावर विसंबू नये.

उपचारात पहिले काम धूर तोडण्याचे. टायोट्रोपियमसारखी पंपातून (इनहेलरमधून) श्वासावाटे ओढून घ्यायची औषधे धाप कमी करतात. ‘पंपाची सवय लागते’ ही भीती निराधार आहे. पंपातले औषध मायक्रोग्रॅममध्ये मोजतात आणि ते थेट श्वासनलिकेत पोचते. गोळी मात्र अंगभर फिरते. खरी अडचण असते ती पंप चुकीचा ओढण्याची. फवारा जिभेवरच राहिला तर औषध वाया जाते. स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावला की बराच फरक पडतो. स्टिरॉइडचा पंप सर्वांना लागत नाही. वारंवार आजार बळावणाऱ्या आणि रक्तात इओसिनोफिल (एका प्रकारच्या पांढऱ्या) पेशी जास्त असणाऱ्यांना तो उपयोगी. इतरांत न्यूमोनियाचा धोका तेवढा वाढतो. फ्लू आणि न्यूमोकॉकसची (न्यूमोनिया करणाऱ्या जंतूची) लस घ्यावी. धाप लागते म्हणून बसून राहिल्याने पायांचे स्नायू रोडावतात आणि धाप आणखी लवकर लागते, म्हणून बेताबेताने चालण्याचा व्यायाम हा उपचाराचाच भाग आहे.

विश्रांतीतही रक्तातला ऑक्सिजन फार कमी, म्हणजे ८८ टक्के किंवा त्याखाली, राहत असेल तर तो दिवसाला किमान १५ तास दिल्याने आयुष्य वाढते, हे १९८०-८१ च्या दोन चाचण्यांतून दिसले. मात्र आजार अचानक बळावला असता ऑक्सिजनची पातळी ८८ ते ९२ टक्क्यांतच ठेवतात. काळजीपोटी नातेवाइकांनी ऑक्सिजन जास्त सोडला, तर कार्बन डायऑक्साइड साठून रुग्ण गुंगीत जाऊ शकतो.