उकळी फुटली तरी विष उरतं

सकाळी सातला कुकर लागतो, डबे भरले जातात आणि उरलेला भात ओट्यावरच झाकून ठेवला जातो. संध्याकाळी साडेसातला लोकलमधून उतरून घरी आलं की त्याच भाताला कांदा-मिरचीची फोडणी पडते. बाहेर धो धो पाऊस, हवेत दमटपणा, घरातलं तापमान तिशीच्या आसपास. "चांगला खरपूस परतलाय, आता काही होत नाही," असं म्हणून ताट वाढलं जातं आणि रात्री दहाच्या सुमारास उलट्या सुरू होतात. दोष मात्र दुपारच्या वडापाववर जातो.

परतल्यावर जंतू मरतात हे खरंच आहे. पण पोट बिघडवणारी वस्तू दर वेळी जिवंत जंतूच असते असं नाही. अनेकदा ते त्याने मागे सोडलेलं विष असतं आणि काही विषांवर आपल्या चुलीची आच चालत नाही.

भातातला गुन्हेगार म्हणजे बॅसिलस सेरियस. हा मातीतला जिवाणू तांदळाच्या दाण्याबरोबर घरात येतो. परिस्थिती प्रतिकूल झाली की तो स्वतःभोवती टणक कवच तयार करतो. या कवचबंद रूपाला, म्हणजे बीजाणूला, उकळतं पाणी मारू शकत नाही आणि कुकरच्या दोन-तीन शिट्ट्यांत सगळे बीजाणू मरतीलच याचीही खात्री नसते. भात शिजताना बाकीचे बरेचसे जंतू मरतात, म्हणजे याला मैदान मोकळंच मिळतं. भात कोमट झाला की बीजाणू रुजतात. अनुकूल हवेत जिवाणू साधारण वीस मिनिटांत दुप्पट होतात असं धरलं, तर एकाचे दोन तासांत 64 होतात आणि सहा तासांत अडीच लाखांच्या वर. वाढता वाढता त्याच्या काही जाती सेरिउलाइड नावाचं विष भातात सोडतात. हे विष 121 अंश सेल्सिअसला दीड तास तापवलं तरी टिकतं. कढईत पाच मिनिटं परतल्याने त्याला काय होणार? ना वास येतो, ना चव बदलते. खाल्ल्यापासून अर्ध्या ते सहा तासांत उलट्या होतात.

म्हणून लढाई करायची ती घड्याळाशी. 5 ते 60 अंश हा जंतूंचा आवडता पट्टा. शिजवलेलं अन्न त्यात दोन तासांहून जास्त वेळ राहू द्यायचं नाही. भात खोल पातेल्यात तसाच ठेवला तर वरचा थर गार लागतो, पण मधला गोळा कित्येक तास कोमट राहतो, कारण भातातून उष्णता फार हळू बाहेर पडते. उरलेला भात परातीत दोन बोटं जाडीचा पसरावा आणि पंख्याखाली जाळीने झाकून अर्धा तास ठेवावा. मग उथळ डब्यात भरून फ्रीजमध्ये टाकावा. किंचित कोमट असला तरी चालेल. फ्रीज त्याने बिघडत नाही. भलंमोठं गरम पातेलं मात्र आत ठेवू नये, शेजारचं दूधही त्याने तापतं. हा भात दुसऱ्या दिवशी संपवावा आणि एकदाच, मधोमध वाफ येईपर्यंत गरम करावा. ही वाफ विषासाठी नाही, नंतर पडलेल्या इतर जंतूंसाठी.

मग इडलीचं पीठ रात्रभर बाहेर राहून कसं चालतं? त्यात वाढणारे जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि त्या आंबटपणात बहुतेक घातक जंतूंना वाढता येत नाही. भाताला असं संरक्षण नाही.

दुसरं विष हातातून येतं. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू सुमारे एक तृतीयांश माणसांच्या नाकात, काहीही त्रास न देता राहत असतो. नाकाला लागलेला हात, बोटावरची पिकलेली जखम, एवढं त्याला पुरतं. मीठ-साखर तो इतरांपेक्षा कितीतरी जास्त सोसतो, त्यामुळे "गोड आहे, टिकेल" हा हिशेब खव्याला लागू नाही. गणपतीत याचा विचार जरूर करावा. उकडीचा मोदक हाताने वळल्यावर वाफवला जातो; खव्याचा मोदक आणि पेढा शेवटी हातानेच वळला जातो, त्यानंतर आच नाही. तो नैवेद्यापुरता बाहेर काढावा, बाकीचा फ्रीजमध्येच राहू द्यावा. बोट कापलेलं असेल त्या दिवशी मोदक दुसऱ्या कुणाला वळू द्यावेत. या जंतूचं विषही उकळीला दाद देत नाही.

तिसरं उदाहरण मासळीबाजारातलं. बांगडा, तारली, कुपा या माशांच्या मांसात हिस्टिडीन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. मासा बर्फाबाहेर राहिला की जिवाणू त्याचं हिस्टामीन करतात. तळून, कोकम-चिंच घालून किंवा गोठवून ते जात नाही. खाल्ल्यावर काही मिनिटांत ते तास-दोन तासांत चेहरा लाल होतो, अंगाला खाज सुटते, डोकं ठणकतं, छाती धडधडते. घरात त्याला "मासळीची ॲलर्जी" म्हणतात. खरं तर तोच माणूस ताजा बांगडा बिनधास्त खाऊ शकतो. घास तोंडात घेताच मिरीसारखी चुणचुण जाणवली तर तो थुंकावा आणि मासा टाकून द्यावा. बाजारात बाकीची खरेदी आधी करावी, मासळी शेवटी. कोळणीकडून पिशवीत मूठभर बर्फ मागून घ्यावा आणि घरी पोहोचताच साफ करून मासे फ्रीजमध्ये ठेवावेत. मासेमारी बंद असते त्या 1 जून ते 31 जुलैच्या काळात तर जास्तच पारखून घ्यावं, कारण तेव्हा बराचसा माल बर्फातला असतो आणि तो मध्ये कधी वितळला होता हे डोळ्यांना दिसत नाही.

पाण्याच्या बाबतीत मात्र उकळी पूर्ण उपयोगी पडते. मुंबईत बहुतेक ठिकाणी पाणी ठरावीक वेळीच येतं. पाणी बंद झालं की जलवाहिनीतला दाब उतरतो आणि तिला चीर असेल तर आजूबाजूचं सांडपाणी आत ओढलं जातं. म्हणून नळ आल्यावर पहिली काही मिनिटं येणारं पाणी धुण्या-पुसण्याला वापरावं. पिण्याचं पाणी खळखळून उकळल्यावर एक मिनिट तसंच राहू द्यावं, त्याच भांड्यात झाकून गार करावं आणि ओगराळ्यानेच काढावं. उकळलेल्या पाण्यात पेला बुडवला की सगळी मेहनत वाया. गोठवल्याने जंतू मरत नाहीत, त्यामुळे गोळ्याचा किंवा सरबताचा बर्फ पाण्याइतकाच चांगला-वाईट असतो. खाण्यायोग्य नसलेल्या बर्फात निळा रंग घालावा असा नियम आहे. असा बर्फ सरबताच्या गाडीवर दिसला तर पुढे चालू लागावं.

हात साबणाने वीस सेकंद चोळावेत, अंगठा आणि नखांखालची जागा धरून. सॅनिटायझर बीजाणूंवर चालत नाही. ओटा पुसायचं ओलं फडकं पावसाळ्यात वाळतच नाही. ते रोज उकळत्या पाण्यातून काढावं आणि दोन फडकी आलटून-पालटून वापरावीत.

इतकं करूनही पोट बिघडलं तर पहिला उपचार ओआरएस, म्हणजे पाण्यात विरघळवायची मीठ-साखरेची पूड. पाकिटावर लिहिलेल्या मापातच, सहसा एक लिटरला एक पूर्ण पाकीट. पेल्यात चिमूटभर टाकून बनवलं तर प्रमाण बिघडतं आणि जास्त मीठ लहान मुलांना घातक ठरतं. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. चोवीस तासांनी उरलेलं ओतून द्यावं. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, चमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, अधिक सावकाश. शौचात रक्त, सहा-आठ तास लघवी नाही, खोल गेलेले डोळे किंवा पाण्याचा थेंबही न टिकणं, यांतलं काहीही दिसलं तर रुग्णालय गाठावं. गर्भवतीचे डोळे पिवळे दिसले तर एक दिवसही थांबू नये, कारण हेपेटायटिस ई, म्हणजे दूषित पाण्यातून होणारा काविळीचा एक प्रकार, गरोदरपणात जिवावर बेतू शकतो.

डॉक्टरांना काय खाल्लं याबरोबरच किती वाजता खाल्लं तेही सांगावं. सहा तासांच्या आत उलट्या म्हणजे बहुधा तयार विष. दिवसभराने ताप आणि जुलाब म्हणजे बहुधा आतड्यात वाढलेले जंतू. काविळीचा माग मात्र कालच्या जेवणात शोधू नये. हेपेटायटिस ए दिसायला दोन ते सात आठवडे लागतात, तेव्हा महिन्याभरापूर्वी कुठलं पाणी पोटात गेलं ते आठवावं लागतं.