नोहाचे तारू: लांबी जुळली, रुंदीचे काय?

तुर्कस्तानच्या पूर्व टोकाला, दोउबायझीतजवळ, सुमारे 2,000 मीटर उंचीवर नावेच्या आकाराचा एक उंचवटा आहे. अरारातचे शिखर तिथून जवळपास 29 किलोमीटरवर. 1959 साली लष्करी हवाई छायाचित्रे तपासताना कॅप्टन इल्हान दुरुपिनार यांना हा आकार दिसला. 1960 मध्ये एक तुकडी तिथे गेली, तिने थोडे खोदले आणि माती-दगडच मिळाल्यामुळे आकार नैसर्गिक असल्याचे सांगितले. तरीही 1970 च्या दशकात, पेशाने भूल देणारे परिचारक असलेले अमेरिकेतील रॉन वायट तिथे पोचले आणि ‘नोहाचे तारू सापडले’, म्हणजे बायबलमधल्या महापुरात नोहाने ज्यात आश्रय घेतला ते जहाज मिळाले, हा दावा जगभर पसरला.

दाव्याचा सर्वांत भक्कम वाटणारा आधार म्हणजे लांबी. बायबलमध्ये तारवाचे माप 300 हात लांब, 50 हात रुंद आणि 30 हात उंच असे दिले आहे. इजिप्तचा राजहात 52.4 सेंटिमीटरचा धरला तर लांबी 157 मीटर येते, आणि हा उंचवटाही साधारण तेवढाच लांब आहे. पण प्राचीन काळी हाताची मापे अनेक होती. 45 सेंटिमीटरचा साधा हात घेतला तर लांबी 135 मीटर भरते. हव्या त्या उत्तराला बसणारा हात निवडण्याची मोकळीक असेल, तर जुळलेल्या लांबीचे वजन फारसे उरत नाही.

म्हणून आधी गुणोत्तर पाहावे. हात कोणताही घ्या, लांबी रुंदीच्या सहापट हवी. उंचवट्याची रुंदी चाळीस मीटरहून जास्त आहे, म्हणजे गुणोत्तर चारच्याही खाली येते. राजहाताने रुंदी 26 मीटर भरायला हवी होती. ‘बाजू फाकल्या’ असे यावर उत्तर दिले जाते. पण ज्या मोजणीने लांबी सिद्ध करायची तीच रुंदीला लावायची नाही, हे चालणार नाही. शिवाय तारू टेकल्याची जागा म्हणून बायबलमध्ये आलेला ‘अरारातचे पर्वत’ हा मूळ उल्लेख अनेकवचनी आहे. तो उरार्तू या प्रदेशाचा निर्देश करतो, एका शिखराचा नव्हे.

मग हा आकार आला कुठून? तो उतार घसरत्या मातीचा आहे, आणि चिखलाचा लोंढा घट्ट खडकाला वळसा घालून वाहिला की मागे निमुळत्या टोकांचा आकार राहतो. एके काळी हेच तारू मानून पुस्तक लिहिणारे डेव्हिड फॅसोल्ड यांनी 1996 साली भूवैज्ञानिक लॉरेन्स कॉलिन्स यांच्यासोबत शोधनिबंध लिहून ही रचना भूगर्भीय असल्याचे मांडले. स्वतःची भूमिका अशी जाहीरपणे तपासायला मोठे धैर्य लागते. धातुशोधक यंत्राने दाखवलेल्या ‘लोखंडी पट्ट्या’ लिमोनाइटसारख्या लोहखनिजांच्या निघाल्या. कोकणातल्या जांभ्याला तांबूस-पिवळा रंग देणारी खनिजे याच कुळातली. जवळच्या गावातले भोके पाडलेले, जहाज थांबवण्याचे म्हणून दाखवले जाणारे ‘नांगर-दगड’ स्थानिक ज्वालामुखी खडकाचे आहेत. तारू दूरच्या मेसोपोटेमियातून वाहत आले असेल, तर त्याचे नांगर अरारातच्या दगडाचे कसे?

उंचवट्याखाली खोल्या आणि बोगदे असल्याचा दावा रडारच्या चित्रांवरून केला जातो. त्या चित्रांबाबत विशेष सावध राहायला हवे. जमिनीत शिरणारे रडार खोल्या दाखवत नाही. दोन थरांच्या विद्युत गुणधर्मांत फरक असेल तिथून परतलेली लहर तेवढी ते नोंदवते. ओल्या चिकणमातीत ही लहर अनेकदा एक-दोन मीटरमध्येच विरते. शिवाय मोजणी समांतर रेषांवर होते आणि मधली जागा संगणक अंदाजाने भरतो. त्यातून सरळ भिंती आणि काटकोन सहज उमटतात. म्हणून पडताळणीसाठी शेजारच्या, कुणीच तारू न म्हणणाऱ्या जमिनीवर तेच यंत्र, तेवढ्याच अंतराच्या रेषांनी फिरवावे. तिथेही ‘बोगदे’ दिसले, तर ते त्या मातीतच आहेत. कुजलेल्या लाकडाची खूण म्हणून सांगितल्या जाणाऱ्या, मातीतल्या पोटॅशियमची किंवा सेंद्रिय द्रव्याची तुलनाही अशीच करावी. उतार, ओल, गवत आणि चरणारी जनावरे यांनीही हे प्रमाण बदलते. मातीचे वय म्हणजे तारवाचे वय नव्हे, हेही लक्षात ठेवावे.

लाकूड मिळाले तर काम सोपे होते. कार्बन-14 चे अर्धायुष्य 5,730 वर्षे आहे, म्हणजे तेवढ्या काळात तो निम्मा उरतो. 5,000 वर्षे जुन्या लाकडात मूळच्या सुमारे 55 टक्के कार्बन-14 उरतो, 1,200 वर्षे जुन्यात 86 टक्के. तारवाच्या शोधात गेलेले फ्रेंच गृहस्थ फर्नांड नवारा यांनी 1955 साली अरारातवरून आणलेल्या लाकडाचे वय आधी रंग आणि घट्टपणावरून 5,000 वर्षे ठरवले गेले होते. कार्बन चाचण्यांनी ते इसवी सनाच्या सातव्या-आठव्या शतकातले ठरवले. नमुन्यात नवा कार्बन मिसळल्याची सबब इथे टिकत नाही. एवढा फरक पडायला नमुन्यातला सुमारे 70 टक्के कार्बन बाहेरून आलेला असावा लागेल, आणि तसे झाले तर त्याला जुने लाकूड म्हणताच येणार नाही. निकाल वाचताना प्रयोगशाळेचा नमुना-क्रमांक, ± त्रुटी आणि तुकडा नेमका कुठून, किती खोलीवरून काढला याची नोंद मागावी. 1993 साली अमेरिकी दूरचित्रवाणीवर झळकलेला ‘तारवाचा तुकडा’ कॅलिफोर्नियातले रेल्वेजवळचे लाकूड होते. ते सॉसमध्ये भिजवून भट्टीत भाजले होते.

खरोखर तपासायचेच असेल तर डांबर शोधावे. तारू आतून-बाहेरून डांबराने लिंपल्याचे बायबलच सांगते. डांबर लाकडासारखे कुजत नाही. काही ग्रॅम नमुना पुरतो आणि त्यातल्या कर्बसंयुगांवरून ते डांबराच्या कोणत्या नैसर्गिक झऱ्याचे, हेही बऱ्याचदा ओळखता येते. त्यासाठी उंचवट्याच्या आत आणि बाहेर सारख्याच खोलीची छिद्रे घेऊन, मातीचे अखंड दंडगोल थरांच्या क्रमाने जपून, दोन्हींतले नमुने कुठले कुठले हे न सांगता प्रयोगशाळेकडे द्यावेत.